फोन वाचकाने ठेवायचा

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलाला दोन खिडक्या होत्या आणि दोन खिडक्यांमागे दोन बाया. डावीकडची वाचकांनी आणलेली पुस्तकं परत घ्यायची, उजवीकडची नवी द्यायची. इतकी वर्षं हे असंच चाललेलं, की वाचकांना त्यांची नावं विचारायची गरजच पडली नाही. एक घेणाऱ्या बाई, दुसऱ्या देणाऱ्या बाई. आपणही घेणारी आणि देणारीच म्हणू. गोष्ट घेणारीची आहे, आणि ती काही फार मानाने सांगावी अशी नाही.

आता देणाऱ्याचा कधी कोणाला राग येतो का? देणारी गुबगुबीत, हसतमुख, बोलायला गोड. पुस्तक हातात ठेवताना म्हणायची, "न्या हो, नाही आवडलं तर आणून माझ्या डोक्यात घाला." लोक खूश. घेणारीच्या वाट्याला मात्र उशीर, दंड, दुमडलेली पानं, कुठे चहाचा डाग, कुठे चित्रातल्या बाईला पेन्सिलने काढलेली मिशी. ती पुस्तक चाळायची, चष्म्यावरून बघायची आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "ही कलाकारी तुमची, की तुमच्या चिरंजीवांची?" माणूस ओशाळायचा, मागची रांग फिदीफिदी हसायची. घेणारीला त्या हसण्याची चटक लागली होती, खोटं कशाला बोला. दिवसाकाठी दोनचार जणांचा पाणउतारा केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

कोणाला पुस्तक आणखी काही दिवस ठेवायचं असलं, तर त्याने ते आधी घेणारीपुढे ठेवायचं. ती 'परत'चा शिक्का मारून न बघताच उजवीकडे सरकवायची, देणारी नव्या तारखेचा शिक्का मारून ते त्याच माणसाच्या हातात द्यायची. घेतलं, सरकवलं, दिलं. दोघींचे हात एकमेकींना इतके सरावले होते, की गप्पांत खंडसुद्धा पडत नसे.

दोन खिडक्यांच्या मधे एक सामाईक खण होता. त्यात शिक्के, शाईची गादी, देणारीचा दम्याचा पंप आणि घेणारीच्या घराची किल्ली. किल्ली तिथे कशाला, हे सांगायला हवं.

घेणारीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. झटका आला त्यात एक बाजू गेली, जीभ जड झाली आणि गिळणं अवघड होऊन बसलं. त्याला उशीला टेकवून, हनुवटी धरून, चमच्याचमच्याने भरवावं लागे. जरा घाई झाली की ठसका, आणि ठसका लागला की डोळे पांढरे. मूलबाळ नाही. घर ग्रंथालयाच्या मागच्याच गल्लीत, म्हणून दुपारच्या सुट्टीत घेणारी धावत जायची, भरवायची, धावत यायची. गर्दी असली तर देणारी दोन्ही खिडक्या सांभाळायची आणि म्हणायची, "तू पळ गं, मी बघते." घेणारीलाच कशाला तरी अडकून पडावं लागलं, तर देणारी खणातली किल्ली उचलायची आणि स्वतः जाऊन त्याला भरवून यायची.

आणि तिथेच तर खरं दुखणं होतं. नवरा देणारीच्या हातून नीट जेवायचा. ठसका नाही, सांडासांड नाही, वाटी चाटूनपुसून स्वच्छ. संध्याकाळी घेणारीने "जेवलात का?" विचारलं, की वाकड्या तोंडाने हसून एकेक शब्द बाहेर काढायचा, "ती... हळू... भरवते." घेणारीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. रात्रंदिवस मरमर मरायचं मी, हगणं-मुतणं काढायचं मी, आणि कौतुक हिचं! पण बोलणार कोणाला? उद्या पुन्हा तीच कामाला येणार होती.

अशात ग्रंथालयात नव्या मॅडम आल्या. ग्रंथपाल म्हणून पहिलीच नेमणूक, अंगात उत्साह मावत नव्हता. दारापाशी एक यंत्र उभं राहिलं. वाचकाने आपलं आपण पुस्तक त्याच्यापुढे धरायचं, यंत्र टूं करणार, काम झालं. मोबाइलवर वाचायची पुस्तकंही आली. एका वेळी एकालाच मिळायची, बाकीच्यांनी नंबर लावायचा. मुदत संपली की पुस्तक मोबाइलवरून आपोआप गायब. मॅडमनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं आणि खिडक्या बंद होणार असल्याचं असं सांगितलं, जसं काही चहा कोणता आणू विचारत आहेत.

"वर ऑनलाइन मदतीचं टेबल करतोय," मॅडम म्हणाल्या. "वाचक घरून फोन लावणार, त्याचा स्क्रीन आपल्याला दिसणार, आपण त्याला कुठे दाबायचं ते सांगायचं. तिथे एकच जागा आहे. दुसऱ्या बाईंना गावाबाहेरच्या गोदामात जावं लागेल. जुनी पुस्तकं तिकडे हलवतोय. दोघींची परीक्षा घेऊ. आणि एक नियम आत्ताच लक्षात ठेवा. फोन आपण ठेवायचा नाही, वाचकाने ठेवायचा. त्याचं समाधान होईपर्यंत उठायचं नाही. सुट्टी असो, काही असो."

गोदाम दोन बस बदलून होतं. घेणारी हिशोब करू लागली. गोदामात गेलं म्हणजे दुपार गेली. नवऱ्याला भरवणार कोण? शेजारणीने एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा तो इतका ठसकला की तिने तिथेच हात जोडले. देणारीपुढे दुसरंच संकट. गोदाम म्हणजे नुसती धूळ, आणि इथल्या झाडलोटीनेसुद्धा तिची छाती भरून यायची.

बाहेर आल्यावर देणारीच आधी बोलली. "तू नको काळजी करूस. वरची खुर्ची तुला मिळाली तर प्रश्नच मिटला. मला मिळाली तर तुझ्या यजमानांना दुपारी मी भरवून येत जाईन. रोज. अगं, नाहीतरी माझ्या हातचं त्यांच्या अंगी लागतं."

बिचारी मनापासून बोलली. पण घेणारीच्या कानात फक्त शेवटचं वाक्य राहिलं. रोज! म्हणजे मी तिकडे धुळीत मरणार, आणि ही रोज माझ्या घरात माझ्या खुर्चीवर बसून माझ्या नवऱ्याची हनुवटी धरणार! "बघू," एवढंच ती म्हणाली.

मग शिकणं सुरू झालं. काय सांगू त्याची तऱ्हा! माउस घेणारीच्या हाताखालून असा पळायचा, की ती त्याला मोठ्याने शिव्या द्यायची. एकदा बाण पडद्याबाहेर गेला असं वाटून तिने टेबलाखाली वाकून बघितलं. पण बाई हट्टाला पेटलेली. खालच्या वाचनकक्षातला एक कॉम्प्युटर तिने बळकावला आणि बोटांना गोळे येईपर्यंत टाइप केलं. सरावात मॅडम खोटाखोटा वाचक झाल्या आणि म्हणाल्या, "मला मुदत वाढवून हवी आहे." घेणारीने जुन्या सवयीने आधी 'परत करा' दाबलं. पुस्तक गेलं!

"अहो बाई," मॅडम म्हणाल्या, "परत केलंत तर ते नंबर लावलेल्या पुढच्या माणसाला जाणार ना? 'परत करा'ला हात लावायचा नाही. कोपऱ्यातले हे तीन ठिपके दाबा. आत 'मुदत वाढवा' आहे."

घेणारीने ते डोक्यात पक्कं बसवलं. त्या दिवशी देणारी रजेवर होती, छाती भरली होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी देणारी धापा टाकतच आली. "अगं, मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही," ती म्हणाली. "मॅडमना विचारायला गेलं की माझी बोबडी वळते. तू शिकव. तू सांगशील तसं करीन, डोळे झाकून."

मग दुपारी दोघी बसल्या. घेणारी वरच्या खोलीत, देणारी खाली वाचनकक्षात, मधे ते मदतीचं नवं साधन. एकीचा स्क्रीन दुसरीला दिसायचा आणि कानाला लावलेल्या यंत्रातून बोलणं ऐकू यायचं. पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका लुकलुकत होता.

"तो लाल कसला गं?" देणारीने विचारलं.

"लाइन चालू आहे म्हणून," घेणारी ठामपणे म्हणाली. जुन्या झेरॉक्सच्या मशीनवर चालू असताना लाल दिवा लागायचा, तसाच हा, असं ती धरून चालली. मॅडमनी हे सांगितलं नव्हतं आणि हिनेही विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा तिने खरंच नीट शिकवलं, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पुस्तक कसं शोधायचं, नंबर कसा लावायचा, वाचक घाबरला तर काय म्हणायचं. देणारी हळूहळू जमवत होती, आणि घाबरलेल्या वाचकाशी बोलायची वेळ आली तेव्हा तर तिने असं गोड समजावलं, की घेणारीला कळून चुकलं. ही पास होणार. आपल्याला बटणं येतात, पण माणसं हिला येतात. मॅडम हिलाच घेणार.

"आता मुदत वाढवायची झाली तर?" देणारीने विचारलं. "हे 'परत करा' दाबायचं आणि मग पुन्हा 'घ्या' दाबायचं ना? म्हणजे आपलंच की! तू घेतलंस, मी दिलं!" आणि ती हसली.

 घेणारीला नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. देणारीने खालून विचारलं, "ऐकतेयस ना?"

"हो," घेणारी म्हणाली. "बरोबर आहे. आधी परत करा, मग घ्या. तसंच करायचं."

"आणि हे कोपऱ्यातले तीन ठिपके कसले?"

"त्यांना चुकूनसुद्धा हात लावू नकोस. सगळं बिघडतं."

"बरं बाई, नाही लावत." देणारीने दोनदा म्हणून घोटून घेतलं, परत करा, मग घ्या, आणि चहा आणायला निघून गेली. यंत्र तिने कानावरून काढून टेबलावर ठेवलं, पण बंद केलं नाही. ते तिला कुठे येत होतं!

वर घेणारी एकटीच पडद्यापुढे बसून होती.  मग तिने स्वतःच्या कार्डावरचं एक पुस्तक उघडलं, तीन ठिपके दाबले, 'मुदत वाढवा' दाबलं. नवी तारीख आली. सवयच होती तिला, माणूस समोर नसला तरी टोमणा मारायची. ती पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "हे असं करायचं असतं, बावळट. जा आता, खा धूळ. माझ्या नवऱ्याला भरवणार म्हणे!"

लाल ठिपका लुकलुकतच होता.

परीक्षेला मॅडम आणि समितीचे दोघं बसले. खराखुरा वाचक फोनवर घेतला होता, एक निवृत्त मास्तर. कितीतरी महिने नंबर लावून त्यांना एक जाडजूड कादंबरी मोबाइलवर मिळाली होती आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. पहिला नंबर देणारीचा. तिने इतकं छान सुरू केलं, की समितीतले एकजण मॅडमकडे बघून मान डोलवू लागले. "मास्तर, तुम्ही मुळीच काळजी करू नका, मी आहे ना," ती म्हणाली. "आता 'परत करा'वर बोट ठेवा बघू."

मास्तरांनी ठेवलं. मास्तर चांगले विद्यार्थी होते. पडद्यावर आलं, पुस्तक परत मिळालं, धन्यवाद. त्यामागोमाग आलं, हे पुस्तक पुढील वाचकाला दिलं आहे.

"आता 'घ्या' दाबा," देणारी म्हणाली.

"दाबलं," मास्तर म्हणाले. "इथे म्हणतंय तुमचा नंबर लावला आहे. शेवटून पहिला." मग त्यांचा आवाज चढला. "अहो बाई! शेवटचं प्रकरण राहिलं होतं माझं! म्हाताऱ्या माणसाची थट्टा करता?"

समितीतले दोघं हसायला लागले. एकाला तर रुमालच तोंडाला लावावा लागला. देणारीने मागे वळून घेणारीकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. घेणारीने चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझंच चुकलं," देणारी मॅडमना म्हणाली. "हिने मला नीट शिकवलं होतं. माझ्याच डोक्यात उलटंसुलटं झालं असेल." बोलता बोलता तिला धाप लागली आणि ती पंप घेऊन बाहेर व्हरांड्यात गेली. म्हणून घेणारीने पुढच्या वाचकाला तीन ठिपके कसे दाबायला लावले, ते तिने पाहिलं नाही. खुर्ची घेणारीला मिळाली.

शेवटच्या दिवशी देणारीने खण रिकामा केला. पंप पिशवीत टाकला आणि किल्ली घेणारीच्या तळहातावर ठेवली. "आता ही तुझ्याजवळच ठेव. रोज वेळेवर जाशील ना? आणि हळू भरव गं, तू घाई करतेस." घेणारीने किल्लीवर मूठ मिटली. ती म्हणाली, "बस चुकेल तुझी."

वरच्या टेबलावर घेणारीचे दिवस बरे चालले. वाचकांवर ओरडता येत नव्हतं, पण मॅडमच्या नियमामुळे एक सोय झाली होती. वाचक कंटाळून फोन ठेवेपर्यंत ती त्याला घोळवायची. दुपारी टेबलावर 'सुट्टी'चं बटण दाबायचं आणि मागच्या गल्लीत धावायचं. नवऱ्याला भरवायचं. तो सारखा दाराकडे बघायचा आणि विचारायचा, "ती...?"

"गेली ती," घेणारी सांगायची आणि चमचा जरा जोरातच पुढे करायची. मग ठसका.

गोदामातून एकदोनदा निरोप आला, की देणारीला धूळ सोसत नाही, अर्धा वेळ ती पायरीवर येऊन बसते. कोणीतरी म्हणालं, मॅडमना सांगून तिला परत आणायला हवं. घेणारीने मिठाची गुळणी धरली.

आणि एके सकाळी मॅडम हातात मोबाइल नाचवत आल्या. "बाई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात! तुमच्या शिकवण्या सगळ्या साठवलेल्या सापडल्या मला. काय स्वच्छ आवाज, काय समजावून सांगणं! वेबसाइटवर टाकल्यासुद्धा. घरबसल्या शिका म्हणून."

"साठवलेल्या म्हणजे?" घेणारीने विचारलं.

"तो लाल ठिपका असतो ना कोपऱ्यात? रेकॉर्डिंग चालू असतं तेव्हा. तुम्हाला माहीत नव्हतं?"

 "सगळ्या बघितल्यात तुम्ही?" घेणारीने कसंबसं विचारलं. मॅडम हसल्या. "सुरुवातीची थोडी थोडी बघितली. शेवटपर्यंत कोण बघतंय, बाई!"

व्हायचं ते झालं. त्याच आठवड्यात फोनमागून फोन. कोणाचं पुस्तक गेलं, कोणाचं परीक्षेच्या तोंडावर गेलं, एक बाई तर हमसून रडत होती. आणि प्रत्येकजण म्हणायचा, "तुमचाच आवाज आहे तो! तुम्हीच सांगताय, परत करा, मग घ्या!" फोन ठेवायची सोय नाही. ऐकत बसायचं. घेणारी ती शिकवणी पुसून टाकायला रोज धडपडली, पण तेवढा अधिकार तिच्या हातात नव्हता. शेवटी मॅडमनी बोलावलं, तेव्हा तिने डोळ्यांत पाणी आणलं. "तुम्ही सांगूनही तेव्हा माझ्या डोक्यात बसलं नव्हतं, मॅडम. दोघी अडाणीच होतो. मी नंतर शिकले, तिला जमलं नाही, एवढंच." मॅडमना ते पटलं. त्यांनी शिकवण्या काढून टाकल्या आणि वर शाबासकी दिली, की या वयात किती पटकन चूक सुधारलीत. घेणारी खोलीबाहेर आली. सुटले, म्हणाली.

त्यानंतरची दुपार. 'सुट्टी' दाबायला ती हात पुढे करणार, तेवढ्यात फोन आला. कार्डावरचं नाव देणारीचं.

"अगं, तू!" घेणारी म्हणाली. "कशी आहेस?"

पलीकडे आधी नुसतीच खरखर ऐकू आली. छातीतली होती. मग स्क्रीन उघडला. त्यावर एक शिकवणी होती, मोबाइलवर उतरवून घेतलेली. देणारीने ती शेवटाकडे नेऊन चालू केली. घेणारीला स्वतःचा आवाज ऐकू आला. बावळट. खा धूळ. माझ्या नवऱ्याला भरवणार म्हणे.

देणारीने ती थांबवली. "इथे माणूस नाही बोलायला," ती म्हणाली. एकेक वाक्याला ती थांबत होती. "या शिकवण्या साइटवर दिसल्या, तेव्हा म्हटलं पुन्हा शिकू, मॅडमना पुन्हा परीक्षा घ्या म्हणू. आणि खरं सांगू का, आवाज ऐकून बरं वाटायचं. म्हणून मी सगळ्या शेवटपर्यंत ऐकायचे."

घेणारी घाईने म्हणाली, "अगं, ऐक..."

"मला मुदत वाढवायची आहे, बाई," देणारी म्हणाली. "कशी वाढवायची ते सांगता का तुम्ही?"

इतक्या वर्षांत देणारीने तिला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. घेणारीला रडू फुटलं. "मॅडमना सांगणार आहेस का तू? सांगू नकोस गं. पाया पडते तुझ्या. आमच्या ह्यांना दुपारी कोण भरवेल?"

"छे, छे. मी कशाला सांगू?" देणारी म्हणाली. "तुमची खुर्ची गेली तर मला शिकवणार कोण? सांगा ना. कुठे दाबायचं?"

घेणारीने सांगितलं. देणारीने दुसरीकडेच दाबलं. पुन्हा सांगितलं. पुन्हा चुकलं. मग तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत घेणारी यंत्र कानाला लावून बसली. फोन संपला तेव्हा सुट्टी संपली होती. संध्याकाळी घरी गेली तर नवरा भुकेने कळवळून गेला होता. कोरडे ओठ चाटत तो दाराकडे बघत पडला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या आधी फोन आला. तिसऱ्या दिवशीही. घेणारीने मॅडमना सांगून सुट्टीची वेळ बदलून घेतली, ती साइटवर झळकली आणि फोनची वेळही बदलली. शेजारणीला किल्ली दिली, तर नवरा असा ठसकला की शेजारीण किल्ली उंबऱ्यावर ठेवून गेली. मॅडमना काय सांगणार? एक वाचक रोज तोच प्रश्न विचारतो? मॅडम म्हणाल्या असत्या, मग त्याला नीट शिकवा. आणि एवढं का शिकत नाही म्हणून त्यांनी चौकशी केली असती तर? एकदा तिने चिडून फोन ठेवायला हात नेला. तेवढ्यात तिची नजर कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर गेली. हात मागे आला.

नवरा वाळत चालला. त्याचे हात दोरीसारखे झाले. संध्याकाळी ती त्याला भरवायला बसली की तो तोंड मिटून घ्यायचा. एकदा तिने त्याच्या गालावर चापट मारली आणि मग स्वतःच्या तोंडावर चापटा मारून घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसली.

दुपार झाली. गल्लीच्या बाजूच्या खिडकीतून घेणारीला तिचं घर दिसत नव्हतं, पण छपराची कड दिसायची. तिने एक हात 'सुट्टी'वर ठेवला होता. फोन वाजला.

"बाई, त्यांची जेवायची वेळ झाली ना?" देणारी म्हणाली. छाती आज फारच घरघरत होती. तिने एक लांब श्वास ओढला, पंपाचा आवाज आला, मग पुन्हा ती बोलली. "सावकाश सांगा. मला कुठे जायचंय?"

घेणारीने 'सुट्टी'वरचा हात काढला आणि कानातलं यंत्र नीट केलं. "कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, बाई," ती म्हणाली. "त्यावर बोट ठेवा."

"कुठल्या कोपऱ्यात?" देणारीने विचारलं.